जांघेतल्या गाठीवरून मुंबईतला प्लेग ओळखणारा गोव्याचा डॉक्टर

समजा, शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत कामाला असलेल्या पंचविशीतल्या पोराला ताप आला. दोन दिवस गोळ्या घेऊन तो पाळीवर गेला, तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळला. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, सगळ्या तपासण्या झाल्या आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. ताप मात्र दहा दिवस झाले तरी हटत नाही. अशा वेळी जाणता डॉक्टर रिपोर्टची फाइल बाजूला ठेवतो आणि पेशंटच्या मानेवरून, काखेतून, जांघेतून बोटं फिरवतो. तिथं कुठं गाठ लागली, तर प्रश्नच बदलतो. आता तापाचं कारण नाही, गाठीचं कारण शोधायचं असतं.

आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय टीबीवर जातो. त्यानंतर लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा विचार होतो. क्वचित यातलं काहीच नसतं आणि निघतो किकुची नावाचा दुर्मिळ आजार. १९७२ साली किकुची आणि फुजिमोटो या दोन जपानी डॉक्टरांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे याची नोंद केली. बहुतेक पेशंट तरुण असतात, मानेत गाठी येतात, कित्येक आठवडे ताप राहतो आणि बहुतेक वेळा आजार आपोआप बरा होतो. पण वरून तो टीबीसारखा किंवा कॅन्सरसारखाच दिसतो. गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघितला नाही, तर माणूस नसलेल्या रोगाची जबर औषधं खात बसतो.

म्हणजे ताप आणि गाठ ही जोडी ओळखण्यात चूक झाली, तर एका माणसाचे हाल होतात. पण सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत ही जोडी एका डॉक्टरसमोर आली तेव्हा पणाला लागलं होतं सगळं शहर.

त्या डॉक्टरचं नाव अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस.

व्हिएगस मूळचे गोव्याचे. बार्देश तालुक्यातलं हडफडे, ज्याला आज पर्यटक आर्पोरा म्हणून ओळखतात, तिथं १ एप्रिल १८५६ रोजी त्यांचा जन्म झाला. तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता आणि शिकून मोठं व्हायचं असेल तर गोव्यातली पोरं मुंबईची वाट धरायची. व्हिएगसही त्याच वाटेनं आले. सेंट झेवियर्समधून शालेय शिक्षण झालं, मग ग्रँट मेडिकल कॉलेज. १८८० साली ते एल.एम. अँड एस. ही डॉक्टरकीची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले.

एवढ्या गुणांवर सरकारी नोकरी धरून आरामात राहता आलं असतं. व्हिएगसांनी मांडवीच्या वस्तीत प्रॅक्टिस केली. १८८८ साली ते मुंबईच्या म्युनिसिपल कॉर्पोरेशनवर निवडूनही गेले. ही दोन कामं एकाच माणसाकडे होती, हे पुढं फार महत्त्वाचं ठरलं. सकाळी ज्या चाळीत नाडी बघायची, त्याच चाळीच्या गटाराबद्दल नंतर सभेत बोलायचं, असा त्यांचा दिनक्रम होता म्हणायला हरकत नाही.

आता ही मांडवी म्हणजे काय चीज होती ते आधी समजून घेऊ. बंदराला लागून असलेला हा भाग म्हणजे मुंबईचं धान्याचं कोठार. बोटीतून उतरलेली पोती गोदामात जायची, गोदामांच्या वर आणि आजूबाजूला माणसं राहायची. अंधाऱ्या खोल्या, दाटीवाटी, ओल, तुंबलेली गटारं. दिवसभर पोती वाहणारे हमाल रात्री तिथंच पाठ टेकायचे. आणि जिथं धान्य तिथं उंदीर, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

१८९६ च्या पावसाळ्याच्या शेवटी या गोदामांत उंदीर मरून पडू लागले. आज कुणी हे ऐकलं तरी दचकेल. तेव्हा मात्र मेलेला उंदीर ही फक्त दुर्गंधीची तक्रार होती. उंदीर आणि माणसाचा आजार यांना जोडणारा दुवा तेव्हा विज्ञानाच्याही हाती लागलेला नव्हता.

सप्टेंबरमध्ये व्हिएगसांना मांडवीत वेगळेच पेशंट दिसायला लागले. अचानक चढलेला जोराचा ताप, डोळे लाल, जीभ जड, माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देणारा, बरळणारा. त्यात जांघेत किंवा काखेत गाठ. ती इतकी दुखरी की माणूस हात लावू द्यायचा नाही. आणि बघता बघता, दोन-चार दिवसांत, खेळ खलास.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जांघेतली गाठ ही तेव्हाच्या डॉक्टरसाठी बातमीच नव्हती. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे आजही आपल्या घरातली म्हातारी माणसं सांगतात. ते खरंही आहे. आपल्या शरीरात लसिकाग्रंथी जागोजागी चौकीसारख्या बसलेल्या असतात. पायातून आत घुसलेले जंतू लसिकावाहिन्यांतून वर सरकतात आणि जांघेतल्या चौकीवर अडवले जातात. तिथं झटापट होते, ग्रंथी सुजते. अनवाणी चालणाऱ्या हमालांच्या वस्तीत अवधाण आलेला माणूस गल्लोगल्ली सापडला असता. शिवाय गुप्तरोगातही जांघेत गाठी येतात. आणि पावसाळ्याअखेर मुंबईत ताप म्हणजे हिवताप, हे ठरलेलंच.

म्हणजे ताप वेगळा समजावून सांगता येत होता आणि गाठही वेगळी समजावून सांगता येत होती. व्हिएगसांचं मोठेपण इथं आहे की त्यांनी ही दोन कारणं वेगवेगळी मानायला नकार दिला. शेजारशेजारच्या घरांत, एकमेकांशी नातं नसलेल्या माणसांत, तोच ताप, तीच गाठ आणि तोच झटपट मृत्यू दिसत असेल, तर तो योगायोग नाही. हा एकच रोग आहे. आणि या वर्णनाचा रोग वैद्यकाच्या पुस्तकात एकच होता. ग्रंथिज्वराचा प्लेग.

पुस्तकात म्हणायचं कारण असं, की मुंबईतल्या डॉक्टरांनी तो कधी डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता. १८१२ नंतर कच्छ-काठेवाडात, १८३६ च्या सुमारास राजस्थानातल्या पाली भागात प्लेग येऊन गेला होता, हिमालयातल्या कुमाऊंमध्ये तो अधूनमधून डोकं वर काढायचा. मुंबईसाठी मात्र ती दूरची, जुनी गोष्ट होती. जवळची खूण एकच होती. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगनं थैमान घातलं होतं, आणि हाँगकाँगची जहाजं मुंबईच्या बंदरात लागत होती.

न पाहिलेला रोग ओळखणं हे पाहिलेला रोग ओळखण्यापेक्षा कितीतरी अवघड. आपल्याला जे माहीत आहे त्याच्या खोक्यात समोरचं लक्षण कोंबून मोकळं होण्याचा मोह प्रत्येक डॉक्टरला असतो. प्रत्येक पेशंटलाही असतो, कारण ओळखीच्या रोगाची भीती कमी वाटते.

२३ सप्टेंबर १८९६. कॉर्पोरेशनच्या स्टँडिंग कमिटीची बैठक होती. व्हिएगसांनी तिथं मांडवीत प्लेग शिरल्याचं जाहीरपणे सांगून टाकलं.

दवाखान्यात निदान करणं वेगळं आणि सभेत ते जाहीर करणं वेगळं. मुंबई तेव्हा ब्रिटिश साम्राज्यातलं बडं बंदर होतं. इथून कापूस जायचा, धान्य जायचं, हजला जाणारे यात्रेकरू इथूनच जहाजात चढायचे. प्लेग हा शब्द कागदावर आला की युरोपातली बंदरं मुंबईचा माल आणि माणसं अडवणार, हे कळायला कुणाला फार विचार करावा लागत नव्हता. आणि हेच पुढं घडलंही. १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसमध्ये खास प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि त्या वर्षी मुंबईहून हजला जाण्यावर बंदी आली. त्यामुळं सुरुवातीचे दिवस अधिकाऱ्यांचा कल सावध, गोलमोल शब्द वापरण्याकडे होता. गाठीचा ताप म्हणू, संशयास्पद ताप म्हणू, पण प्लेग नको.

निदान चुकलं असतं, तर व्हिएगसांची प्रॅक्टिस आणि अब्रू दोन्ही गेली असती. निदान बरोबर ठरलं तर? तर शहरावर आकाश कोसळणार होतं. कुठल्याही बाजूनं त्यांचा वैयक्तिक फायदा नव्हता.

मग व्हिएगसांचं म्हणणं पडताळून बघायला इतर तज्ज्ञांना कामाला लावण्यात आलं. या वेळी मदतीला सूक्ष्मदर्शक होता. अलेक्झांडर येर्सिन या शास्त्रज्ञानं १८९४ मध्ये हाँगकाँगलाच प्लेगच्या गाठीतून त्या रोगाचा जंतू शोधून काढला होता. म्हणजे गाठीतला द्राव काचेवर घ्यायचा, रंगवायचा आणि बघायचं. दोन्ही टोकांना गडद आणि मधे फिकट, एखाद्या सेफ्टी पिनसारखे दिसणारे जंतू दिसले की विषय संपला. ऑक्टोबरमध्ये प्रयोगशाळेनंही तेच सांगितलं जे व्हिएगसांनी बोटांनी आणि डोळ्यांनी ओळखलं होतं. शिरोलीच्या त्या पोराच्या गाठीत आज सुई घालतात, त्या तपासणीचं मूळ तत्त्व हेच. गाठ कुठं आहे ते हात सांगतो, गाठीत काय आहे ते काच सांगते.

पुढचा इतिहास आपल्यापैकी अनेकांना तुकड्यातुकड्यांनी माहीत असतो. हे सगळे तुकडे एकाच साथीचे आहेत, हे मात्र पटकन ध्यानात येत नाही.

साथ पसरली तशी मुंबई रिकामी व्हायला लागली. साडेआठ लाखांच्या आत-बाहेर वस्ती असलेल्या या शहरातून १८९७ च्या सुरुवातीपर्यंत निम्म्याच्या आसपास लोक निघून गेले. रेल्वे भरभरून माणसं गावाकडे गेली आणि त्यांच्यासोबत रोगही. पुण्यात प्लेग शिरला. तिथं मुंढव्याच्या एका आजारी मुलाला उचलून दवाखान्यात नेताना सावित्रीबाई फुल्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सरकारनं ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आणला, तोच जो आपण २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी पुन्हा ऐकला. या कायद्याच्या जोरावर घरात घुसून तपासण्या सुरू झाल्या, त्यातून पुण्यात संतापाचा भडका उडाला आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. रोग दक्षिणेकडे सरकत बेळगाव-धारवाडकडे पोचला, कोल्हापूर संस्थानातही शिरला. तिथं शाहू महाराजांनी लोकांना घरं सोडून गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहायला लावण्यावर भर दिला. उंदरांपासून माणसं लांब गेली की साथ ओसरते, हा अनुभव कारण कळण्याआधीच आला होता.

मुंबईत तपासण्यांचा केंद्रबिंदू होता तीच गाठ. रस्त्यात, स्टेशनवर, घराच्या उंबऱ्यावर लोकांच्या काखा आणि जांघा चाचपल्या जाऊ लागल्या. विचार करा, परका माणूस येतो आणि चारचौघांत घरातल्या बाईच्या अंगाला हात लावतो. दवाखान्यातलं एक हळुवार, खाजगी कौशल्य सरकारी जबरदस्तीचं हत्यार झालं होतं. ज्याला गाठ सापडेल त्याची रवानगी इस्पितळात, आणि इस्पितळात गेलेला परत येत नाही, अशी सगळीकडे वदंता. २९ ऑक्टोबर १८९६ ला तर आर्थर रोडच्या साथीच्या इस्पितळावर गिरणी कामगारांचा हजारभरांचा जमाव चालून गेला.

दुसरीकडे म्युनिसिपालटीनं घाणीविरुद्ध युद्ध पुकारलं. गटारांतून समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडलं, भिंतींना चुना फासला, राहायला लायक नसलेल्या घरांवर तशी अक्षरं रंगवली. हेतू चांगला होता. पण गटारं धुतली की गटारातले उंदीर जाणार कुठं? ते वर घरांत आले. स्वतः व्हिएगसांनी वस्त्यांच्या सफाईसाठी आणि उंदीर मारण्यासाठी आवाज उठवला होता. मात्र उंदराचा पिसू हा खरा दलाल आहे, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत प्रयोग करून दाखवलं ते १८९८ साली, आणि ते सगळ्यांच्या गळी उतरायला आणखी काही वर्षं गेली. आता कोडं सुटतं. उंदीर मरतो, त्याच्या अंगावरचा उपाशी पिसू माणसाच्या पायाला चावतो, जंतू जांघेच्या ग्रंथीत पोचतात. गाठ बहुतेक जांघेतच का, याचं उत्तर पिसवाच्या उडीत होतं.

निदानाचा सगळ्यात मोठा फायदा झाला तो लसीच्या रूपानं. रोगाचं नाव पक्कं झाल्यामुळंच कॉलऱ्याच्या लशीसाठी भारतात आलेल्या वाल्डेमार हाफकीनना ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईला बोलावता आलं. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या, म्हणजे व्हिएगस जिथं शिकले त्याच कॉलेजच्या एका खोलीत त्यांनी काम सुरू केलं. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकीननी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. ताप नेमका कशाचा हे ठरलं नसतं, तर लस कशावर बनवायची हाच प्रश्न पडला असता.

लस तयार झाली तरी ती टोचून घेणार कोण? लोकांचा सरकारवर काडीचा विश्वास उरलेला नव्हता. अशा वेळी गोऱ्या साहेबानं सांगितल्यापेक्षा रोज घरी येणाऱ्या डॉक्टरनं सांगितलेलं लोकांनी ऐकलं. व्हिएगसांनी स्वतः सुमारे १८ हजार लोकांना लस टोचली असं सांगितलं जातं. ज्यांच्या गाठी चाचपून त्यांनी शहराला अप्रिय बातमी दिली, त्याच लोकांनी त्यांच्यासमोर दंड पुढं केला.

तरीही प्लेग काही लगेच हटला नाही. एका निदानानं साथ थांबत नसते. पुढच्या दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं या रोगानं गेली. मुंबईत आलेल्या जखमेतून मात्र शहराचा नकाशा बदलला. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, गच्च वस्त्या फोडून रुंद रस्ते निघाले. मुंबईत सँडहर्स्ट रोडवरून जाणाऱ्याला सहसा कल्पना नसते, की हा रस्ता वारा खेळावा आणि प्लेग परत येऊ नये म्हणून काढलेला आहे.

व्हिएगस कॉर्पोरेशनमध्ये काम करत राहिले. १९०६ साली ते तिचे अध्यक्ष झाले. आज आपण ज्याला महापौर म्हणतो तेच हे पद, फक्त महापौर हे नाव १९३१ साली मिळालं. या खुर्चीवर बसलेले ते पहिले देशी ख्रिस्ती. मुंबई विद्यापीठाच्या सिंडिकेटवरही ते होते. १९३३ साली त्यांचं निधन झालं. प्लेगवर चालणारं अँटिबायोटिक तेव्हाही जगात नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन आलं ते त्यानंतर दहा वर्षांनी. आज वेळेत ओळखलेला प्लेग साध्या अँटिबायोटिकनं बरा होतो. उपचार न मिळालेला गाठीचा प्लेग मात्र आजही शंभरातल्या तीस ते साठ जणांचा जीव घेतो. म्हणजे गोळी आहे, पण ती द्यायची कधी हे ठरवायला आधी कुणाला तरी गाठ लागावी लागते.

महाराष्ट्रात हे पुन्हा एकदा घडलं ते १९९४ साली. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात ऑगस्टमध्ये पिसवांचा उच्छाद झाल्याची तक्रार आली. आदल्या वर्षीच्या किल्लारी भूकंपानंतर भीतीनं सोडून दिलेल्या घरांत धान्य होतं आणि धान्यावर उंदीर माजले होते. पाठोपाठ तापाचे पेशंट आले, जांघेत गाठी घेऊन. लगेच सुरतेतही फुप्फुसाच्या प्लेगची साथ जाहीर झाली, लोक रेल्वेनं पळाले, परदेशांनी विमानं थांबवली. हा खरंच प्लेग आहे का, यावर देशभरातल्या डॉक्टरांत बरेच दिवस वाद रंगला. पुढं नमुन्यांच्या जनुकीय तपासणीत तो प्लेगचाच जंतू निघाला. पोती, उंदीर, पिसू, गाठ, पळापळ, अडवलेला व्यापार आणि नाव घ्यावं की नाही हा घोळ. सगळं तसंच, फक्त अठ्ठ्याण्णव वर्षांनी.

मुंबईत काळबादेवीजवळ कावेलमध्ये आजही डॉ. व्हिएगस स्ट्रीट नावाची गल्ली आहे. आणि धोबीतलावला, मेट्रो सिनेमाच्या समोर डॉक्टरांचा पुतळा उभा आहे. सिग्नलला थांबलेल्या टॅक्सीतून तो दिसतो.